बोट तळ्याच्या मधोमध बंद पडते? नीडलला हात लावण्याआधी हे वाचा
(रिमोटवरच्या इंजिन बोटींच्या आमच्या ग्राहकांसाठी, उद्यमनगर, कोल्हापूर)

काठावर बोट झकास चालू होते. पाण्यात सोडली की दोन फेऱ्या मारते आणि नेमकी मधोमध जाऊन गप्प बसते. कशीबशी ओढून आणावी, तर दोरीच्या पहिल्याच झटक्याला पुन्हा सुरू! अशा बोटी आमच्याकडे येतात तेव्हा कार्ब्युरेटरची नीडल (इंधन कमीजास्त करायचा स्क्रू) आधीच चार जणांनी फिरवलेली असते. मूळ दोष मात्र टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वीतभर नळीत निघतो. म्हणून आमची एकच विनंती आहे, नीडल सगळ्यात शेवटी. फिरवायचीच असेल तर ती किती फेरे उघडी होती ते आधी लिहून ठेवा.

पहिल्यांदा नळीकडे बघा. इंजिन चालू असताना पारदर्शक नळीतून बुडबुडे सलग जात असतील तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. नळी टोकाला चिरली असेल, टाकीचं रबरी बूच सैल असेल, किंवा टाकीच्या आतल्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असेल. शेवटचा प्रकार बाहेरून दिसतच नाही. टाकी भरलेली असते तेव्हा भोक इंधनात बुडालेलं असतं, बोट छान पळते. अर्धी संपली की भोक उघडं पडतं आणि तिथून हवा ओढली जाते. ‘निम्म्या टाकीनंतर बंद पडते’ असं कोणी सांगितलं की आम्ही आधी टाकीच उघडतो.

तपासणी घरी होते. पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवतो, अगदी तसंच. टाकी रिकामी करून काढा, एक सोडून सगळ्या नळ्या चिमटीत दाबा, बादलीत बुडवा आणि उरलेल्या नळीतून बिनसुईच्या सिरिंजने हवा सोडा. तोंडाने फुंकू नका. ग्लो इंजिनाच्या (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या) इंधनात मिथेनॉल असतं आणि ते विष आहे. या तपासणीत बूच आणि सांधे कळतात. आतली नळी मात्र बाहेर काढून, एक टोक दाबून, वेगळी बुडवावी लागते. शंका वाटली तर बदलूनच टाका, महाग नाही.

नळी कुठली घेतली हेही महत्त्वाचं. सिलिकॉनची नळी ग्लो इंधनाला उत्तम, पण पेट्रोलमध्ये ती फुगते, मऊ पडते आणि टोकावरून निसटते. पेट्रोल इंजिनाला पेट्रोलचीच नळी लावा. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून आम्ही पुड्यांवर मोठ्या अक्षरात लिहून देतो.

फक्त वळणावर इंजिन गुदमरत असेल तर क्लंक बघा, म्हणजे टाकीच्या आत मऊ नळीच्या टोकाला असलेलं वजन. शर्यतीच्या बोटी साधारण उजवीकडे वळतात. त्या वेळी इंधन टाकीच्या डाव्या बाजूला फेकलं जातं, वेग घेताना मागे. क्लंक मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचला पाहिजे आणि मोकळा हलला पाहिजे. टाकी हलवून बघा, टकटक ऐकू यायला हवी. नळी जुनी होऊन ताठ झाली की तो एका जागी अडकतो.

आता दोन इंजिनांतला फरक, कारण घोळ इथेच होतो. ग्लो इंजिनात सायलेन्सरचा दाब एका नळीने टाकीत येतो आणि इंधन पुढे ढकलतो. त्या नळीचं तोंड काजळीने बुजलं की इंधन कमी पडतं. पेट्रोल इंजिनात सहसा डायाफ्रामचा, म्हणजे पातळ लवचिक पडद्याचा, कार्ब्युरेटर असतो. क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या ठोक्यांवर त्यातला पंप चालतो आणि तो स्वतःच इंधन ओढतो. तिथे टाकीला हवा आत घ्यायला वाट हवी. वाहून आणताना सांडू नये म्हणून ती वाट बंद करायची आणि पाण्यात सोडताना उघडायला विसरायचं, हा प्रकार आम्ही स्वतःही केलेला आहे. बोट थोडी पळते, बंद पडते, पाच मिनिटांनी पुन्हा चालते. टाकीचं झाकण उघडताना ‘सुस्स’ करून हवा आत गेली तर चोर सापडला.

पंपाच्या झाकणाखाली एक बारीक जाळी असते. दर मोसमाला ती धुवा. डायाफ्राम कडक झाला असेल तर धुऊन उपयोग नाही, नवा घाला. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि रबरालाही मानवत नाही. उसाच्या गावात इथेनॉलची तक्रार करायची कुणाकडे! आपण एवढंच करायचं, पेट्रोल ताजं घ्यायचं आणि बोट ठेवून देताना टाकी व कार्ब्युरेटर कोरडे करायचे. मिथेनॉलही हवेतला ओलावा शोषतं, म्हणून पावसाळ्यात अर्धा कॅन तसाच ठेवू नका.

कधी दोष इंधनाचा नसतोच. पंख्याला केंदाळ गुंडाळलं की इंजिनावर ओझं येऊन ते दमतं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं तोंड बुजलं तर ते तापून बंद पडतं. बाजूने पाण्याची धार बाहेर पडते आहे ना, हे काठावरून बघत चला.

एक इशारा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंधन पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, मुलांच्या हाताशी ठेवू नका, आणि उरलेलं तळ्यात ओतू नका.

बोट दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी करून आणा, पण वापरलेलं इंधन थोडं बंद डबीत चिठ्ठी लावून वेगळं द्या. प्लग पुसू नका. त्याच्या रंगावरून आम्हाला पुष्कळ कळतं: पांढराफटक असेल तर इंधन कमी पडलं, काळा नि ओला असेल तर जास्त झालं. बोट वळणावर बंद पडली की सरळ पळताना, आणि टाकी तेव्हा किती भरलेली होती, हे आठवून सांगितलंत तर निम्मं काम तिथेच होतं.