पँडेक्ट: सगळा कायदा पोटात घेणारा ग्रंथ

पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. त्याआधी घडलेल्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचे ३०२ च. संहितेत कलमे नव्याने लिहिलेली असतात. पँडेक्टची घडण वेगळी: तो उताऱ्यांचा ग्रंथ.

ग्रीकमध्ये 'पान' म्हणजे सर्व. त्याला 'स्वीकारणे' या अर्थाचे क्रियापद जोडून हा शब्द झाला. कायद्यात तो रुजला पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनमुळे. इ. स. ५३० मध्ये त्याने विधिज्ञ ट्रिबोनियनच्या समितीला जुन्या रोमन विधिज्ञांच्या ग्रंथांतून उतारे निवडायला बसवले. समितीच्या हिशेबाने सुमारे २,००० पुस्तकांतल्या तीस लाख ओळी दीड लाखांवर आल्या. एकूण ५० भाग, त्यांत विषयवार प्रकरणे आणि प्रत्येक उताऱ्यावर मूळ लेखकाचे व ग्रंथाचे नाव.

तीन वर्षांत हे उरकले कसे? १८२० मध्ये जर्मन अभ्यासक फ्रीड्रिख ब्लूमे यांना दिसले, की ठरावीक ग्रंथांचे उतारे नेहमी गटानेच येतात. उपसमित्यांनी ग्रंथ वाटून घेतले असावेत, हा त्यांचा निष्कर्ष.

मजकूर बदलायची मुभा मात्र समितीला होती. 'फिड्युसिया' ही तारणाची पद्धत तोवर मोडीत निघाली होती, म्हणून तिथे 'पिग्नस' (गहाण) हा शब्द घातला. पहिला स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी. काही वाक्यांत सर्वनाम स्त्रीलिंगीच राहून गेले आणि फेरफार पकडला गेला.

३० डिसेंबर ५३३ ला ग्रंथ अमलात आला आणि मूळ पुस्तकांचा हवाला देण्यास बंदी झाली. मग त्यांच्या नकला कोण करणार? बहुतेक पुस्तके नाहीशी झाली. हे नुकसान फार मोठे आहे. अल्पियनसारखा थोर विधिज्ञ आज मुख्यतः या उताऱ्यांतूनच वाचावा लागतो.

आपल्याकडचे धर्मनिबंध, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांचे संकलनग्रंथ, याच घडणीचे: विषयवार मांडणी, स्मृतिकारांच्या नावानिशी वचने. पण निबंधकारांनी मूळ स्मृतींवर बंदी घातली नाही. तरीही काही स्मृती हरवल्याच. कात्यायनस्मृतीचा व्यवहारभाग, म्हणजे दावे, साक्षी-पुरावे, कर्ज यांबद्दलची वचने, म. म. पां. वा. काणे यांनी निबंध आणि टीकाग्रंथांतून वेचून पुन्हा उभा केला. त्यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इंग्रजी इतिहास १९३० ते १९६२ या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. कोणता निबंध कोणाचे वचन उद्धृत करतो, हे शोधायला आजही आधी तोच उघडावा.