दुनळी बंदुकीचे वय ओळखणे

औंध, फलटण, जत, मिरज, सांगली या जुन्या संस्थानांच्या मुलखात काही वाड्यांतून शिकारीची किंवा पिकाच्या राखणीची दुनळी अजून सांभाळलेली आढळते. ‘पणजोबांना राजेसाहेबांनी दिली’ ही कहाणी तिच्याबरोबर बहुधा येतेच. वय मात्र नळ्यांच्या पोटावरून ठरते.

आधी घडण पाहावी. तोंडातून दारू-छर्रे ठासायचे ती ठासणीची. मधे मोडून मागून काडतूस घालायचे ती नंतरची. बाहेर दोन घोडे (बार उडवायला आपटणारे हातोडे) दिसले की लोक ‘शंभर-दीडशे वर्षांची’ म्हणून मोकळे होतात. कारण बंदुका बनवणाऱ्या अॅन्सन आणि डीली या इंग्रजांची, बाहेर घोडे नसलेली रचना १८७५ची. पण घोड्यांच्या बंदुका विसाव्या शतकातही बनत होत्या.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या केल्या की खालच्या सपाट भागावर कसोटीचे, म्हणजे नळीची मजबुती तपासल्याचे, शिक्के दिसतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३चे. तिथला मुकुट, आडवे-तिरपे राजदंड आणि ‘बी. पी. सी.’ ही अक्षरे असा शिक्का १९०४पर्यंत चालला. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असे कोरलेले असेल तर बंदूक १८७५ ते १८८७ या काळातली. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात बोअरचा (नळीच्या भोकाच्या मापाचा) आकडा आणि ‘सी’ हे १८८७नंतरचे. अंडाकृतीत ‘ई. एल. जी.’ म्हणजे बेल्जियममधले लिएज. त्यावर मुकुट असेल तर १८९३नंतरची.

नळ्यांमधल्या पट्टीवरचे नाव सर्वांत फसवे. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डा या बंदूक विक्रेत्यांचे नाव असले तरी बंदूक अनेकदा बर्मिंगहॅमची असे. नामांकित इंग्रजी नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेला बेल्जियन मालही पुष्कळ आला.

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीवर लाटांसारखी नक्षी उमटते. ती देखणी असली तरी काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचे काडतूस घातल्यास नळी फुटू शकते.

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ची जुन्या शस्त्रांसाठीची परवान्यातून सवलत दुरुस्त करूनही न चालणाऱ्या कालबाह्य शस्त्रालाच आहे. चालणारी बंदूक कितीही जुनी असो, परवाना लागतोच. परवान्यावरच्या ‘डी. बी. बी. एल.’ या अक्षरांवरून ती मागून भरायची दुनळी एवढेच कळते. ठासणीची असेल तर ‘डी. बी. एम. एल.’ लिहितात. पुढची तारीख परवान्याची असते, बंदुकीची नव्हे.