आगीत माणसे मागे का फिरतात?

कुठे आग लागून माणसे गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : 'लोक घाबरून सैरावैरा धावत सुटले.' १९४२ साली बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ जण दगावले, तेव्हाही घबराटीलाच बोल लावला गेला. मुख्य प्रवेशाचे फिरते दार गर्दीने अडकून बसले होते, बाकीच्या काही दारांना कुलपे होती. घबराट म्हटले की ही कुलपे झाकली जातात, म्हणून मला त्या शब्दाचा राग येतो.

पुढे वाचलेल्यांनाच विचारायला सुरुवात झाली. अमेरिकेत संशोधक जॉन ब्रायन यांनी मेरीलँडमधल्या १९५६ च्या एका आगीतून सुटलेल्यांशी बोलून पाहिले, तर बाहेर आलेले बरेच जण पुन्हा आत शिरले होते. ब्रिटनमध्ये संशोधक पीटर वुड यांनी १९७२ मध्ये जवळजवळ हजार आगींचा अभ्यास मांडला. तिथेही खरी घबराट क्वचितच आढळली.

मग समरलँड. आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लसमधले हे सुट्टीकरांचे प्रचंड करमणूक केंद्र. भिंतींना आणि छताला पारदर्शक ॲक्रिलिक. २ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी ते पेटले आणि ५० जण गेले. आईवडील एका मजल्यावर, पोरे खाली खेळायला, अशी कितीतरी कुटुंबे त्या वेळी विखुरलेली होती. आई जिन्यावर आली ती बाहेरच्या दाराकडे जाण्यासाठी नव्हे, तर मुलांना शोधायला. त्याच जिन्यावर वर येणारे आणि खाली उतरणारे एकमेकांत अडकले. मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी इथल्या जबान्या तपासल्या. त्यांना दिसले की घरची माणसे जिथे एकत्र होती तिथे ती एकत्रच निघाली, आणि आलेल्या वाटेनेच निघाली. आपत्कालीन दार वापरले ते मुख्यतः कर्मचाऱ्यांनी. त्यांच्या ते पायाखालचे होते. माणूस आधी आपल्या माणसाकडे जातो आणि मग ओळखीच्या दाराकडे. याला वेडेपणा कसे म्हणायचे?

दुसरा धागा लोक निघायला करतात त्या उशिराचा. साइम आणि त्यांच्या सहसंशोधक गिलेन प्रू यांनी ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या मेट्रो स्थानकात ते रिकामे करण्याचे सराव घेतले. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. नुसती घंटा वाजवली तेव्हा स्थानक रिकामे व्हायला सुमारे १५ मिनिटे लागत होती, कारण लोक जागचे हलतच नव्हते. काय झाले आहे आणि कुठे जायचे हे भोंग्यावरून स्पष्ट सांगितल्यावर निम्म्याहून कमी वेळ पुरला. तेव्हापासून नुसत्या घंटेऐवजी बोलून सूचना देण्यावर भर आला. इमारत रिकामी व्हायला किती वेळ लागेल हे ठरवताना जिन्याच्या रुंदीइतकाच लोक हलायला लागेपर्यंतचा वेळही हिशेबात धरला जाऊ लागला.

आमच्या सोसायटीच्या मॉकड्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उलट्या वर निघाल्या होत्या. सहाव्या मजल्यावर त्यांचा नातू शिकवणीला बसला होता. सुरक्षा रक्षक त्यांच्यावर ओरडला. त्याने ओरडण्याऐवजी, पोरांना बाई खाली घेऊन गेल्यात, एवढे सांगितले असते तर त्या तिथूनच वळल्या असत्या.