विधिमंडळाचा साक्षीस बोलावण्याचा अधिकार व त्याच्या मर्यादा (भारत)

संसद, राज्य विधिमंडळे आणि त्यांच्या समित्या कोणालाही समन्स काढून बोलावू शकतात, शपथेवर साक्ष घेऊ शकतात, कागदपत्रे मागवू शकतात. समन्स डावलले किंवा हजर राहूनही उत्तर टाळले, तर तो हक्कभंग (सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग) ठरू शकतो. त्याची शिक्षा सभागृह स्वतःच सुनावते. या अधिकाराला लगाम नेमका कुठे बसतो, हे मात्र एकाही कायद्यात सलग लिहिलेले नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १०५ (संसद) व १९४ (राज्ये) नुसार विशेषाधिकार कायद्याने ठरवता येतात. संसदेने तसा सर्वंकष कायदा केलेला नाही, आणि त्यामागचे एक कारण ओळखणे अवघड नाही. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ वृत्तपत्राच्या प्रकरणात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा कायदा झालाच तर तो मूलभूत हक्कांच्या कसोटीला उतरावा लागेल. त्यापेक्षा ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सकडून उसने घेतलेले मोघम अधिकार सोयीचे. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्या सभागृहाचे नाव मजकुरातून काढले. आशय तसाच राहिला.

मर्यादा म्हणून जे काही उभे आहे, ते न्यायालयीन वादांतून आले. मार्च १९५२ मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांच्या वॉरंटवर मुंबईत अटक करून लखनौला नेण्यात आले. २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे न केल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. पण ही चूक विरुद्ध बाजूनेच कबूल केली होती, न्यायालयाला तो मुद्दा खोलात तपासावा लागला नव्हता. त्यामुळे ‘सर्चलाइट’मध्ये या निकालाला फारसे वजन मिळाले नाही.

खरी कसोटी लागली केशव सिंह प्रकरणात. एका आमदारावर आरोप करणारे पत्रक काढल्याबद्दल गोरखपूरच्या या कार्यकर्त्याला समज देण्यासाठी लखनौला विधानसभेत बोलावण्यात आले. रेल्वेभाड्याला पैसे नाहीत, असे सांगून तो गेलाच नाही. १४ मार्च १९६४ रोजी त्याला धरून सभागृहात आणले, तेव्हा तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. नाव विचारले तरी बोलेना. वर, समज देण्याच्या निर्णयाला ‘नादिरशाही फर्मान’ म्हणणारे त्याचे पत्रही अध्यक्षांच्या हाती होते. सात दिवसांची कैद झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन देताच विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन आणण्याचा ठराव केला! राष्ट्रपतींनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील सात जणांच्या पीठाने सहा विरुद्ध एक असे मत दिले: सभागृहाबाहेरच्या नागरिकाला कैद झाली, तर ती न्यायालय तपासू शकते आणि अनुच्छेद २१ चे (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण तिथेही लागू होते. केशव सिंहला याचा उपयोग झाला नाही. १९६५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि उरलेली शिक्षा त्याला भोगावी लागली.

न्यायालयाची वाट अडवता येत नाही, हे महाराष्ट्र विधानसभेच्या बाबतीतही दिसले. पत्रकार अर्णब गोस्वामी यांनी स्वतःवरील हक्कभंगाच्या कारवाईची कागदपत्रे न्यायालयात सादर केल्याबद्दल त्यांना जाब विचारणारे पत्र पाठवणाऱ्या विधानसभेच्या सहायक सचिवांना सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२० रोजी अवमानाची नोटीस काढली.

दुसरी मर्यादा कार्यक्षेत्राची. फेब्रुवारी २०२० च्या दंगलींनंतर दिल्ली विधानसभेच्या शांतता व सलोखा समितीने फेसबुक इंडियाचे तत्कालीन प्रमुख अजित मोहन यांना बोलावले. ८ जुलै २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समन्स रद्द केले नाही. मात्र दिल्लीत पोलीस व कायदा-सुव्यवस्था हे विषय विधानसभेकडे नाहीत. म्हणून त्यांवरील प्रश्नांना साक्षीदार उत्तर नाकारू शकतो आणि तसे नाकारणे हा हक्कभंग नव्हे, असे सांगितले. समितीने सरकारी वकिलासारखे आरोप ठेवू नयेत, हेही बजावले.

स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क (अनुच्छेद २०(३)) इथे तोकडा पडतो, कारण तो गुन्ह्यातील ‘आरोपी’ला आहे. अमेरिकेत काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) समितीपुढे साधा साक्षीदारही असाच हक्क देणाऱ्या तिथल्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊ शकतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या वॉटकिन्स निकालाने तर प्रश्न चौकशीशी कसा निगडित आहे हे समजावून सांगण्याची जबाबदारीही समितीवर टाकली. लोकसभेच्या नियम २७० नुसार साक्ष वा कागदपत्र प्रस्तुत आहे की नाही, याचा अंतिम निर्णय लोकसभा अध्यक्षांचा असतो. त्याच नियमात राज्याच्या सुरक्षिततेला वा हिताला बाधा येईल असे कागदपत्र नाकारण्याची सवलत आहे, पण ती सरकारला, नागरिकाला नाही.