पिप भत्त्यासाठी फोनवरील तपासणी: पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वतयारी

दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामे आणि घराबाहेर वावरणे अवघड झालेल्या व्यक्तींसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ हा भत्ता दिला जातो. बोलताना सगळे त्याला ‘पिप’च म्हणतात. २०१३ साली डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी तो सुरू झाला. त्यासाठी उत्पन्नाची किंवा बचतीची अट नाही, नोकरी चालू असली तरी तो मिळू शकतो आणि त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी ‘अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट’ आहे आणि त्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी पुढील माहिती जशीच्या तशी लागू धरू नये.

अर्जदाराचे वय १६ वर्षे पूर्ण झालेले आणि राज्य पेन्शनच्या वयापेक्षा कमी असावे लागते. अडचण किमान ३ महिने चालू असलेली आणि पुढे किमान ९ महिने राहण्याची शक्यता असलेली हवी. नेहमीचे वास्तव्य ब्रिटनमध्ये असणे आणि मागील १५६ आठवड्यांपैकी किमान १०४ आठवडे तिथे राहिलेले असणे ही सर्वसाधारण अट आहे. आपल्या लोकांनी याहून काळजीपूर्वक पाहण्याची गोष्ट म्हणजे व्हिसा. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा आणि त्यांच्यासोबतचे डिपेंडंट व्हिसा यांवर बहुधा सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते, आणि पिप हा सार्वजनिक निधी आहे. अशा व्हिसावर अर्ज केल्यास पुढच्या मुदतवाढीला धोका पोहोचू शकतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशन सल्लागाराचे मत घ्यावे. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व असलेल्यांना ही अडचण नाही.

अर्जाची सुरुवात डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स या खात्याच्या ०८०० ९१७ २२२२ या क्रमांकावर फोन करून होते. त्यानंतर आजाराचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम विचारणारा एक लांबलचक फॉर्म येतो आणि तो भरून परत पाठवण्यासाठी साधारण एक महिना मिळतो. फॉर्म खात्याकडे पोहोचल्यावर खात्याने नेमलेल्या कंपनीकडून तपासणीची वेळ कळवली जाते. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि फोनवरील तपासणी सुरू झाली. साथ ओसरल्यावरही ती पद्धत चालू राहिली आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे एक गफलत होण्याचा संभव असतो. आपल्याकडे वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि ४० टक्क्यांचा दाखला हाती आला की पुढचे मार्ग खुले होतात. पिपमध्ये टक्केवारी नाही, आणि आजाराच्या नावाला गुणही नाहीत. दैनंदिन जीवनाच्या १० आणि हालचालीच्या २ अशा १२ कृती ठरवलेल्या आहेत, आणि प्रत्येक कृती तुम्हाला किती जमते यावर गुण मिळतात. एका विभागात ८ गुण झाले की साधा दर आणि १२ झाले की वाढीव दर मिळतो. २०२५-२६ या वर्षात दैनंदिन जीवन विभागाचे दर आठवड्याला ७३.९० आणि ११०.४० पौंड, तर हालचाल विभागाचे २९.२० आणि ७७.०५ पौंड होते. गुण थोडे थोडे करूनही जमतात. स्वयंपाक, अंघोळ, कपडे आणि शौच या चार कृतींसाठी केवळ एखादे साधन लागत असेल, तरी प्रत्येकी २ प्रमाणे ८ गुण होतात. म्हणून बाथरूममधला दांडा, अंघोळीचे स्टूल किंवा जाड मुठीची सुरी यांचा उल्लेख क्षुल्लक समजून गाळू नये.

संपूर्ण तपासणीचा कणा असलेला नियम असा आहे की, एखादी कृती ‘जमते’ असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ती सुरक्षितपणे, पुरेशा चांगल्या रीतीने, गरजेइतक्या वेळा आणि वाजवी वेळात होते. वाजवी वेळ म्हणजे ती अडचण नसलेल्या माणसाला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळाच्या दुपटीपेक्षा अधिक नाही. शिवाय अडचण निम्म्याहून अधिक दिवशी येते का, हे पाहिले जाते. माझ्या मते खरी तयारी म्हणजे आपल्या प्रत्येक अडचणीला हे चार निकष लावून पाहणे, कारण फोनवरचा माणूस तुमचे घर, हात, पाय काहीच पाहू शकत नसतो आणि तुमच्या उत्तरात जे येईल तेवढेच अहवालात उतरते.

स्वयंपाकाचेच पाहू. नियमात ज्या जेवणाचा विचार होतो ते म्हणजे एका माणसासाठी, ताज्या जिन्नसांतून, शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेला एक पदार्थ. पोळ्या लाटता येतात का किंवा सणाचा स्वयंपाक होतो का, हे तिथे मोजले जात नाही, आणि ओव्हनसाठी वाकणेही धरले जात नाही. आता हातांचा संधिवात असलेल्या बाईंना “तुम्ही स्वयंपाक करता का?” असे विचारले आणि त्या “हो, करते” म्हणाल्या, तर उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. भाजी आदल्या रात्री मुलगा चिरून ठेवतो, कुकरचे झाकण यजमान उघडतात, गरम पातेले दोनदा हातून सुटले म्हणून आता त्या ते उचलतच नाहीत, आणि वरण-भात झाल्यावर बोटे इतकी ठणकतात की संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभे राहणे होत नाही, एवढे सगळे सांगितले तरच सुरक्षितता आणि पुनरावृत्ती हे दोन्ही निकष अहवालात येतात.

चालण्याबाबत हिशेब मीटरमध्ये होतो: २०, ५० आणि २०० हे आकडे तिथे निर्णायक आहेत. “बसस्टॉपपर्यंत जातो” या उत्तरातून काहीच निष्पन्न होत नाही. तपासणीच्या आधी घरच्या कुणाला सोबत घेऊन दारापासून नेहमीच्या एखाद्या ठिकाणापर्यंतचे अंतर मोजावे, कुठे थांबावे लागले, काठी लागली का, किती वेळ गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा काय परिणाम झाला, ते टिपून ठेवावे. फिट येणे किंवा चक्कर येऊन पडणे क्वचित होत असले, तरी त्यातून गंभीर इजा होऊ शकत असल्यास तेही सुरक्षिततेच्या निकषात मोडते.

इंग्रजी कमी येणे हे अपंगत्व नव्हे आणि त्याला गुणही नाहीत. बोलणे, समजणे आणि वाचणे या कृतींची पारख अर्जदाराच्या मातृभाषेच्या संदर्भात करावी, असे नियमातच म्हटले आहे. म्हणजे पक्षाघातानंतर एखाद्याला मराठी बोलतानाही शब्द सापडत नसतील किंवा मराठी मजकूर वाचून कळत नसेल, तर ती अडचण स्पष्ट मांडली पाहिजे, नाहीतर ती केवळ परक्या भाषेची अडचण समजली जाण्याचा धोका राहतो. मराठी दुभाषी हवा असल्यास वेळ कळवणारे पत्र येताच कंपनीला सांगावे. मुलाने किंवा सुनेने भाषांतर करणे सोयीचे वाटते, पण शौच, पाळी, नैराश्य अशा विषयांवर घरच्यांसमोर माणूस मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून बाहेरचा दुभाषी मला अधिक योग्य वाटतो. संभाषण ध्वनिमुद्रित करून हवे असल्यास तेही आधीच कळवावे. घरच्या व्यक्तीला किंवा मित्राला फोनवर सोबत ठेवता येते आणि आपण विसरलेली गोष्ट ती व्यक्ती सांगू शकते.

फोन येण्याच्या वेळी पाठवलेल्या फॉर्मची प्रत समोर असावी, कारण फॉर्ममधले आणि तोंडी सांगितलेले यांत विसंगती दिसली तर निर्णयावेळी तिला बरेच वजन येते. मध्यंतरी प्रकृतीत बदल झाला असेल, तर तो केव्हापासून, हे सांगावे. औषधांची यादी मात्रेसह, हॉस्पिटलची पत्रे, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल, सोशल केअरचा आराखडा आणि दोन-तीन आठवड्यांची अडचणींची नोंदवही हे सर्व जवळ ठेवावे. यातले जे फॉर्मसोबत गेले नसेल, त्याच्या प्रती पाठवाव्यात, मूळ कागद नव्हे, आणि प्रत्येक कागदावर नाव व नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लिहावा. भारतातल्या डॉक्टरांचे जुने कागद आजाराचा इतिहास दाखवायला उपयोगी पडतात. ते मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावे.

फोन अनोळखी किंवा लपवलेल्या क्रमांकावरून येऊ शकतो, त्यामुळे मोबाइलवर असे फोन अडवण्याची सोय चालू असल्यास त्या दिवशी बंद ठेवावी. नाव, पत्ता, जन्मतारीख विचारून ओळख पटवली जाते. या संभाषणासाठी बँक खात्याचा तपशील लागत नाही. बोलणारी व्यक्ती नर्स, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक किंवा तत्सम प्रशिक्षित असते आणि संभाषण सुमारे तासभर चालते. नेहमीचा दिवस कसा जातो, गाडी चालवता का, सामान कोण आणते, अशा गप्पांसारख्या प्रश्नांमधूनही निष्कर्ष काढले जातात. श्वास न लागता बोलणे, तारखा पटकन आठवणे, याचीही नोंद होते. म्हणून धाप लागली, वेदना वाढली किंवा लक्ष विचलित झाले, तर ते त्याच क्षणी सांगून थोडी विश्रांती मागावी. “कसे आहात?” या पहिल्याच प्रश्नाला रीतीप्रमाणे “बरा आहे” म्हणण्याची आपली सवय जुनी आहे. त्या दिवशी तिला आवर घालावा आणि जे आहे ते, न वाढवता आणि न लपवता, सांगावे.

ठरलेल्या वेळी फोन घेणे अशक्य झाल्यास शक्य तितक्या लवकर कंपनीला कळवून दुसरी वेळ मागावी. योग्य कारणाशिवाय तपासणी चुकवल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो. मृत्यू १२ महिन्यांत संभवतो असे डॉक्टरांचे मत असल्यास विशेष नियम लागू होतात आणि अशी तपासणी घेतली जात नाही.

तपासणी करणारी व्यक्ती फक्त अहवाल देते, निर्णय खात्याचा अधिकारी घेतो. अहवालाची प्रत खात्याकडे फोन करून मागता येते, आणि निर्णय बाजूने लागला तरी ती मागून ठेवावी, कारण पुढील फेरतपासणीत ती उपयोगी पडते. निर्णय मान्य नसल्यास एका महिन्यात फेरविचाराची मागणी करावी लागते. तीही फेटाळली गेल्यास पुढील एका महिन्यात स्वतंत्र ट्रिब्युनलकडे अपील करता येते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या स्थानिक कार्यालयात या दोन्ही टप्प्यांसाठी विनामूल्य सल्ला मिळतो. भत्ता मंजूर झाल्यावर भारतात जायचे असेल, तर खात्याला आधी कळवावे. तात्पुरत्या वास्तव्यात तो साधारणपणे १३ आठवड्यांपर्यंत, आणि वैद्यकीय उपचारांसाठी गेल्यास २६ आठवड्यांपर्यंत चालू राहतो.