ताणाचे संप्रेरक आणि उड्या मारणारी जनुके

ताणाची संप्रेरके आणि डीएनएत जागा बदलणारे तुकडे, म्हणजेच ‘उड्या मारणारी जनुके’, यांच्या इतिहासात १९३६ हे साल दोनदा येते. माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना बीजांडकोशाचे अर्क टोचत होते. पण काहीही टोचा, अगदी फॉर्मेलिनसुद्धा, आत दिसायचे तेच: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. संप्रेरक काही सापडले नाही. सापडली ती पुढे ‘ताण’ या नावाने ओळखली गेलेली अवस्था.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले, की स्तनाच्या कर्करोगाला कारण होणारे काहीतरी उंदरीच्या दुधातून पिलांत उतरते. ते ‘काहीतरी’ पुढे रेट्रोव्हायरस निघाले. हा विषाणू आपली प्रत यजमानाच्या डीएनएत घुसवतो. प्रजनन पेशीत घुसला, तर घराण्याचाच होऊन बसतो.

फिरत्या डीएनएची मूळ कथा मात्र मक्याची. कोल्ड स्प्रिंग हार्बरला १९४०च्या दशकात बार्बरा मॅक्लिंटॉक कणसांतले फिके, ठिपकेदार दाणे न्याहाळत होत्या. रंगाच्या जनुकात अडकलेला तुकडा दाणा वाढताना एखाद्या पेशीतून निसटला, की तिच्या वंशजांना रंग परत मिळतो. लवकर निसटला तर ठिपका मोठा, उशिरा निसटला तर टिंबाएवढा. नोबेल मिळायला १९८३ उजाडले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी धक्का बसल्यावर जनुकसंच स्वतःला कसा बदलतो, हे मांडले. पण तो धक्का पेशीचा. ताणात अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा त्यात संबंध नव्हता. हल्ली दोन्ही सर्रास एकत्र सांगतात, ते मला घाईचे वाटते.

संप्रेरकाची गाठ पडली ती बिटनरच्या विषाणूशी. ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलच्या गटातले संप्रेरक, पेशीत शिरून आपल्या ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते. ही जागा नेमकी कुठली, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कीथ यामामोटो यांच्या गटाने विषाणूच्या टोकाच्या डीएनएवर दाखवले. तेवढा तुकडा दुसऱ्या जनुकापुढे जोडला, की तेही संप्रेरकाच्या आज्ञेत वागू लागे. म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचे बटण इतक्या स्पष्टपणे दिसले, ते एका घुसखोराच्या अंगावर!

मानवी जनुकसंचाचा मसुदा २००१ मध्ये आला, तेव्हा त्यातला सुमारे ४५ टक्के भाग अशा फिरत्या घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा निघाला. मग मेंदूकडे लक्ष जाणे ओघानेच आले. कॉर्टिकोस्टेरॉन हे उंदरांतले ताणाचे संप्रेरक हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात धरून ठेवले जाते, हे ब्रूस मॅकएवन यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. रॉकफेलर विद्यापीठात रिचर्ड हंटर आणि मॅकएवन यांच्या गटाने २००९ व २०१२ मध्ये पुढचे काम प्रसिद्ध केले. उंदराला अर्धा तास हलता येणार नाही असे कोंडले, की हिप्पोकॅम्पसमधल्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) ‘हे वाचू नका’ अशी रासायनिक खूण वाढते आणि काही फिरते घटक गप्प होतात. मात्र २१ दिवस रोज कोंडल्यावर हिप्पोकॅम्पसच्या एका भागात तीच खूण उलट घटलेली आढळली.