स्टेव्हिया घेताय? आधी एवढं वाचा

ग्राहक बंधू-भगिनींनो,

स्टेव्हियाची बाटली हातात घेतली की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "हे खाऊन पुढे काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कितीतरी घरांत कुणी ना कुणी शुगरची गोळी घेतं, आणि चहा तर दिवसातून चार वेळा होतो. जी वस्तू रोज पोटात जाणार तिची चौकशी करायलाच हवी. घाईच्या वेळी काउंटरवर पुरतं सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. कन्नडमधलंही दुकानात ठेवलं आहे, शेजाऱ्यांसाठी मागून घ्या.

थोडक्यात उत्तर असं: शुद्ध केलेला स्टेव्हियाचा अर्क ठरलेल्या मर्यादेत घेतला तर सुरक्षित आहे, मधुमेह असलेल्यांनाही. मात्र ‘शुद्ध केलेला’ आणि ‘मर्यादेत’ हे दोन शब्द गाळून पुढे जाऊ नका.

पान वेगळं, अर्क वेगळा

स्टेव्हिया हे मूळचं पॅराग्वे-ब्राझीलकडचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पानं पेयं गोड करायला वापरत आले. आपल्याकडे नर्सरीत ते ‘गोड तुळस’ म्हणून मिळतं. तुळशीशी त्याचं नातं नाही, ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पान चघळून बघा: आधी दाट गोडी येते, मग जिभेच्या मागच्या बाजूला ज्येष्ठमधासारखी कडसर चव रेंगाळते.

ही गोडी ज्या घटकांमुळे येते त्यांना स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड म्हणतात. स्टेव्हिओसाइड आणि रेबॉडिओसाइड ए हे त्यातले मुख्य. वाळलेली पानं गरम पाण्यात भिजवायची, पाणी गाळायचं, त्यातली बाकीची द्रव्यं काढून टाकायची आणि पांढरी भुकटी मिळवायची, असं हे काम आहे. खाण्यात वापरायच्या अर्कात हे गोड घटक किमान ९५ टक्के असावे लागतात. तपासण्या झाल्या आणि मान्यता मिळाल्या त्या या अर्काला: अमेरिकेत २००८ साली, युरोपात २०११ साली, आणि आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली. पानांच्या पुडीला हा दाखला लागू होत नाही. साखरेऐवजी गोडीसाठी पान किंवा कच्चा काढा वापरायला अमेरिकेत मान्यता नाही.

स्वस्त पडते म्हणून आमच्याकडे पानांची पूड मागणारे खूप आहेत. ती आम्ही ठेवत नाही. एका मळ्यातलं पान जास्त गोड, दुसऱ्यातलं कमी, शिवाय त्यात गोडीखेरीज आणखी काय काय उतरतं त्याचा हिशेब लागत नाही. कुंडीतलं एखाद-दुसरं पान चहात टाकलंत तर घाबरू नका, पण पूड करून रोज चमचा-चमचा खाऊ नका.

‘नैसर्गिक आहे, मग भीती कसली’ हे वाक्य आमच्या पाकिटावर तुम्हाला दिसणार नाही. धोतराही नैसर्गिकच असतो. स्टेव्हियाचा अर्क सुरक्षित म्हणायचा तो तपासलेला आहे म्हणून.

भीती आली कुठून

‘स्टेव्हियाने मूल होत नाही’, ‘कॅन्सर होतो’ असे मेसेज फिरत असतात. हे अगदी हवेतून आलेलं नाही. १९६८ साली स्टेव्हियाचा काढा पाजलेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं कमी झाल्याचा एक अभ्यास आला होता. १९८५ साली प्रयोगशाळेतल्या जिवाणूंवर केलेल्या चाचणीत स्टेव्हिऑलवर, म्हणजे गोड घटकांतली साखर सुटल्यावर उरणाऱ्या भागावर, प्रक्रिया झाल्यानंतर जनुकांत बदल घडवणारा पदार्थ दिसला होता. त्यामुळे शंका घेणं त्या वेळी बरोबरच होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनेही लगेच होकार दिला नाही. तिने २००४ साली तात्पुरती मर्यादा ठरवली, आणखी अभ्यास मागवले, आणि ते पाहून २००८ साली कायमची मर्यादा दिली. शुद्ध अर्क देऊन केलेल्या पुढच्या अभ्यासांत प्रजननावरचा तो परिणाम दिसला नाही. जिवंत प्राण्यांवरच्या चाचण्यांत जनुकांची हानी दिसली नाही, आणि दोन वर्षं अर्क खाऊ घातलेल्या उंदरांत कॅन्सरही वाढला नाही.

शरीरात त्याचं होतं काय तेही सांगतो. जठरात आणि लहान आतड्यात हा अर्क पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्याला जोडलेली साखर सुटी करतात आणि स्टेव्हिऑल उरतं. ते रक्तात जातं, यकृत त्याला विरघळेल अशा रूपात बांधतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. शरीरात साठून राहत नाही.

किती चालेल

मर्यादा आहे दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम, स्टेव्हिऑलच्या हिशेबाने. वर सांगितलेल्या उंदरांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिच्या शंभराव्या भागाच्या आसपास ही मर्यादा धरली आहे. रेबॉडिओसाइड एच्या भाषेत ते किलोमागे साधारण १२ मिलिग्रॅम होतात.

आता हे चहाच्या कपात मोजू. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ७२० मिलिग्रॅम चालतं. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखरेची गोडी यायला साखरेच्या दोनशे पट गोड असलेला अर्क २५ मिलिग्रॅम पुरतो. म्हणजे जवळपास अठ्ठावीस चमचे साखरेएवढी गोडी झाली. मोठ्या माणसाने नेहमीचा चहा-कॉफी घेतली तर तो या मर्यादेच्या जवळही जात नाही.

मुलांचं तसं नाही. पंधरा किलोच्या पोराला हीच मर्यादा १८० मिलिग्रॅमवर येते, म्हणजे सात चमचे साखरेएवढ्या गोडीवर. सरबत, दूध, आइस्क्रीम सगळ्यात थेंब घालत गेलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: धडधाकट मुलाला स्टेव्हियाची गरज नाही. त्याला कमी गोडाची सवय लावा.

पुडीत आणखी काय आहे ते बघा

खरी गोम इथे आहे. २५ मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारी वस्तू. तेवढी कुणी पुडीत भरू शकत नाही, म्हणून तिच्यात दुसरं काहीतरी मिसळून आकार आणावा लागतो. बाजारातल्या कित्येक पाकिटांवर पुढे हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत स्टेव्हिया असतं, पण मागच्या बाजूला घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजचं निघतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पाकिटात तेच सर्वात जास्त. हे दोन्ही पदार्थ रक्तातली साखर भराभर वाढवतात. एका पुडीने फारसं बिघडत नाही, पण दिवसाला आठ-दहा पुड्या फोडणाऱ्या मधुमेह्याने हे ओळखून असावं. पाकीट कुणाचंही असो, अगदी आमचंही, आधी उलटं करून वाचा. अर्क यादीत ‘स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड’ किंवा ‘९६०’ या क्रमांकाने दिसतो.

आमच्या पुडीत एरिथ्रिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडसर पदार्थ आहे. त्याने रक्तातली साखर वाढत नाही. मात्र जास्त झालं तर पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात. २०२३ साली आलेल्या एका संशोधनात, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांना हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आल्याचं दिसलं. एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही तयार करतं, त्यामुळे दोष खाल्लेल्याचाच होता असं त्यावरून ठरत नाही. त्याच संशोधनात ३० ग्रॅम एरिथ्रिटॉलचं पेय दिल्यावर ते रक्तात खूप वाढून बराच काळ टिकलं होतं. आमच्या पुडीत एक ग्रॅमही नाही. तरीसुद्धा हृदयरोग असणाऱ्यांना आम्ही पुडीऐवजी थेंबांची बाटली देतो. थेंबांत एरिथ्रिटॉल नाही, फक्त पाणी, अर्क आणि टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट आहे.

शुगरची औषधं घेणाऱ्यांनो, हे दोनदा वाचा

स्टेव्हिया हे मधुमेहाचं औषध नाही. गोळी किंवा इन्सुलिन त्याच्या भरवशावर बंद करू नका.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. दिवसाला सहा गोड चहा पिणाऱ्याने एकदम सगळी साखर तोडून थेंब सुरू केले आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच ठेवली, तर साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते. म्हणून बदल करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला आणि पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर साखर तपासा.

आणि साखर उतरलीच, म्हणजे हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर स्टेव्हियाचा चहा, स्टेव्हियाचं सरबत यांचा काडीचाही उपयोग नाही. त्या वेळी साखरच लागते: तीन चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा ग्लुकोज लगेच द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आमच्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी कौतुकाने सांगितलं की घरातला साखरेचा डबाच काढून टाकला. इन्सुलिनवरचा माणूस घरात असेल तर तो डबा परत आणा आणि अडीअडचणीला हाताला लागेल असा ठेवा.

थेंबांनी चहा गोड केला म्हणून सोबतचं बटर, टोस्ट, पोहे बिनसाखरेचे होत नाहीत. थेंब घालून केलेल्या शिऱ्यातला रवा साखर वाढवतोच.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणारेही विचारतात. एका अभ्यासात टाइप-२ मधुमेह असलेल्यांना सोळा आठवडे रोज १००० मिलिग्रॅम रेबॉडिओसाइड ए दिलं, तरी रक्तदाबात किंवा रक्तातल्या साखरेत विशेष फरक पडला नाही. चहापुरते थेंब घेणाऱ्याने चिंता करू नये. गर्भवती, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. काँग्रेस गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी सुरुवात एका थेंबाने करावी, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. शुद्ध अर्काने ॲलर्जी झाल्याची उदाहरणं फार क्वचित आहेत.

वजन उतरवायला म्हणून घेत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली काय सांगितलं तेही ऐका: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजीच्या गोड पदार्थांवर विसंबू नये, आणि त्यात स्टेव्हियाही येतं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही.

स्वयंपाकघरात

चहा, कॉफी, कोकम सरबत, खीर, श्रीखंड यांत थेंब छान मुरतात. उकळल्याने बिघडत नाहीत. कुंदा मात्र याने होणार नाही. कुंद्याचा तो तांबूस रंग आणि खमंगपणा दूध आणि साखर आटून भाजल्यामुळे येतो. स्टेव्हिया ना तांबूस होतं ना त्याचा पाक होतो. तिळाच्या वड्यांचंही तेच.

मोरावळा, गुळांबा, लिंबाचं गोड लोणचं किंवा सरबताचा पाक स्टेव्हियात करून बरणीत भरून ठेवू नका. या पदार्थांत साखर किंवा गूळ नुसत्या गोडीसाठी नसतो, तो पाणी धरून ठेवतो आणि बुरशी रोखतो. स्टेव्हियात ती ताकद नाही. करायचंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

बाटली उघडल्यावर टोपी घट्ट लावून उन्हापासून दूर ठेवा. कपाला दोन थेंबांपासून सुरुवात करा, जास्त झाले की कडसर लागतं. घेतल्यावर पोट बिघडलं, अंगावर पुरळ उठलं किंवा काही वेगळं जाणवलं तर वापर थांबवा आणि उरलेली बाटली तशीच घेऊन या. तळाशी बॅच नंबर छापलेला आहे, तो पुसू देऊ नका.